तोरणाखालचे टीकाकार

पिंपळगाव राजात जुन्या माणसानं नवी झडती म्हटली की तिचा निकाल जागेवर लागतो. शेवटच्या ओळीनंतर महादेवाचा गजर किती जोरात उठला, एवढं पाहायचं. मागच्या बैलजोडीपासून पुढच्या पोरापर्यंत सगळ्यांनी तो उचलला तर झडती लागली. नुसती पुढची रांग पुटपुटली तर म्हणणाऱ्यानं काय ते समजायचं. वयाची सूट नाही. उलट ज्याचं नाव मोठं, त्याच्या झडतीकडं लोक जास्त बारीक कान लावतात.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी आधी झडती सांगतो. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण होते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आवतन बैलाच्या कानात सांगतात. श्रावण अमावास्येला दुपारनंतर शिंगं हिंगुळानं रंगवून, कपाळाला मठाटी आणि अंगावर झूल चढवून जोड्या वेशीकडं निघतात. तिथं दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. मानाची जोडी पुढं, बाकीच्या मागं. डफडी आणि सनई चालू असतात. मग गर्दीतून एखादा हात वर करतो. वाजंत्री थांबतात. तो माणूस चार, सहा, कधी दहा यमकी ओळी ठणकावून म्हणतो, शेवटी महादेवाला हाक देतो आणि गाव तीच हाक परत फेकतं. हीच झडती. डफडं पुन्हा सुरू होतं न होतं तोच दुसऱ्या बाजूचा हात वर जातो, आणि पहिल्याला उत्तर मिळतं. असं तासभर चाललं की तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि बैल घरोघर ओवाळून घ्यायला, गडी बोजारा, म्हणजे सणाची बक्षिसी, घ्यायला निघतात.

झडतीत शंकर-पार्वती असतात, बैल असतो, पाऊस असतो. पण खरी मजा त्यानंतरच्या ओळींत. सावकार, पाटील, तलाठी, कापसाचा भाव, निवडणुकीत पडलेला, निवडून येऊन गायब झालेला, सगळे तिथं येतात. माणसाचं नाव घ्यायचं नाही, पण साऱ्या गावाला कळलं पाहिजे, ही कसरत. कागद हातात घेतला की पत गेली. मागच्या वर्षीचीच झडती पुन्हा म्हटली तर पोरं तिचा शेवट आधीच ओरडून टाकतात, आणि यापेक्षा मोठी बेइज्जती पोळ्यात नाही.

ही रीत किती जुनी, याचा ताम्रपट कुणाकडं नाही. पण तिच्यात विषय कुठून आले ते सांगता येतं, कारण ते कापसाच्या गाडीतून आले. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि आमच्या काळ्या मातीचे दिवस फिरले. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावात उतरले होते. ज्ञानगंगेकाठच्या आमच्या गावातून बैलगाड्या खामगावच्या बाजारात जात. माझे आजोबा सांगत, की गाडीवाले नुसता भाव घेऊन परत येत नसत, तिथल्या फडात ऐकलेली चाल आणि अडत्याचा एखादा किस्साही घेऊन येत. पोळ्यापर्यंत त्याची झडती तयार व्हायची.

फडात कलगी-तुरा असायचा. शक्ती थोर की शिव थोर, यावर दोन पक्ष रात्रभर सवाल-जवाब करत. एकानं टाकलेलं कोडं दुसऱ्यानं त्याच चालीत सोडवायचं, नाही सुटलं तर डफ खाली ठेवायचा. पुढं सत्यशोधकांचे जलसे आले. गणपतीच्या गणाऐवजी निर्मिकाचं स्मरण, गौळणीला फाटा, आणि वगात कर्जाच्या कागदावर अंगठा देणारा कुणबी. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात या चळवळीची मुळं खोल गेली. महात्मा फुल्यांचं चरित्र १९२७ मध्ये लिहिलं ते चिखलीच्या पंढरीनाथ पाटलांनी. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले, भीमराव कर्डक आले, वामनदादांची गाणी आली. ही सगळी परंपरा पोळ्याच्या तोरणाखाली जशीच्या तशी उतरली असं मी म्हणणार नाही. तोरणाखाली मानाच्या जोडीचा हक्क कुणाचा आणि डफडं कुणी वाजवायचं, हे ठरलेलं होतं, आणि त्यावर झडती कुणी म्हणत नव्हतं. ती गोष्ट बोलली गेली ती जलशात. पण सवालाला जवाब, अंगठ्याचा कागद आणि लोकांकडून परत येणारी हाक या तीन गोष्टी झडतीनं तिथून घेतल्या.

परत येणारी हाक म्हटली की गाडगेबाबा आठवतातच. शेंडगावचा हा माणूस शुद्ध वऱ्हाडीत कीर्तन करायचा आणि प्रश्न विचारून विचारून लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचा. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित आहे. बाबा तेव्हा ऐंशीचे होते, पुढच्या महिन्यात, २० डिसेंबरला ते गेले. आमच्या गावात हे कीर्तन मी पहिल्यांदा लाउडस्पीकरवर ऐकलं. आवाज फाटलेला, दम तुटलेला. विषय तरुणपणीचेच, कर्ज, दारू, शिक्षण, देवापुढचं बोकड. नवं काय होतं? घाई नव्हती. प्रश्न टाकून बाबा थांबतात, लोक चुकीचं किंवा अर्धवट उत्तर देतात, आणि बाबा ते तसंच उचलून पुढं नेतात. म्हाताऱ्या कलावंताचं शेवटचं काम कसं असावं याचा नमुना मला कुणी मागितला तर मी हे देईन. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचं आणि आज सात खंजिऱ्या समोर मांडून बोलणाऱ्या सत्यपाल महाराजांचं नावही याच ओळीत घ्यावं लागेल. बोलणं आणि ताल यांच्यात वऱ्हाडानं कधी भिंत घातलीच नाही.

आता जरा लांब जाऊ. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत, कूल हर्क नावाच्या पोरानं बहिणीच्या पार्टीत दोन तबकड्यांवर गाण्याचा तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला. हिपहॉपचा जन्म तिथला धरतात. त्याच महिन्याच्या अखेरीस आमच्याकडं पोळा होता. बहात्तरच्या दुष्काळानं अर्ध्या दावणी रिकाम्या केल्या होत्या. रेशनवर लाल मिलो ज्वारी मिळायची, तीही अमेरिकेचीच. त्या वर्षी तोरणाखाली जोड्या कमी आणि माणसं जास्त होती, आणि सगळ्या झडत्या मिलोवर आणि खडी फोडण्यावर होत्या. अमेरिकेनं आम्हाला मिलो दिली आणि स्वतःकडं रॅप ठेवला, असं माझा पुतण्या म्हणतो. तो पुण्यात शिकतो, त्यामुळं असली वाक्यं त्याला सुचतात.

दुष्काळाच्या त्याच सुमारास कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि काही वर्षांनी मी एका खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून लागलो. गाडीत हात घालून तळचा कापूस वर काढायचा, बोटांत धागा ओढून लांबी पाहायची, ओल चाचपायची, कवडी किती, पाला किती ते बघायचं आणि प्रत लिहायची. एच-४ आणि पुढं एनएचएच-४४ अशी वाणं माझ्या हातून गेली. गावात ग्रेडर म्हणजे झडतीचं हक्काचं गिऱ्हाईक. पहिल्याच पोळ्याला एकानं हात वर केला आणि चहा प्यायल्याबरोबर ज्याच्या डोळ्यांना दुसऱ्या प्रतीचा कापूस पहिल्या प्रतीचा दिसतो अशा एका विद्वानाचं वर्णन केलं. नाव घेतलं नाही. गजर एवढा उठला की आमचा बैल बिथरला. माझी बायको घरी येऊन म्हणाली, “झडती झकास होती, तुम्ही चहा सोडा.”

ती झडती म्हणणारा तिघांपैकी एक होता. एक गवंडी, एक सालदार, एक किराणा दुकानदार. सत्तरच्या दशकापासून हे त्रिकूट आमच्या पोळ्यावर राज्य करत होतं. गवंडी ओळी जुळवायचा, सालदाराचा आवाज, आणि दुकानदाराकडं उधारीची वही असल्यामुळं सगळ्या गावाची माहिती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं वारं आलं तेव्हा तर त्यांनी कहर केला. भाव, लेव्ही, वीजबिल, मंत्र्यांची धोतरं, काही सोडलं नाही. ऐकायला बाहेरगावचे लोक यायचे. नव्वदनंतर सगळं विरलं. सालदार मुलाकडं सुरतेला गेला, दुकानदाराला गुडघ्यांनी धरलं. तोरणाखाली नवी पोरं आली. त्यांच्याकडं माईक होता, शिव्या होत्या आणि सिनेमातल्या चाली होत्या.

मग वाईट वर्षं आली. २००२ मध्ये बीटी कापूस आला. बियाणं महागलं, फवारणी थांबली नाही, कोरडवाहूचं गणित बसेना. २००६ च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आमचा बुलढाणा होता. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि वर्धा हे बाकीचे पाच. ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांपायी होतं, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

त्याच काळातल्या एका पोळ्याला सालदार सुरतेहून परत आला. तिघं पुन्हा तोरणाखाली उभे राहिले तेव्हा गर्दीतून शिट्ट्या आल्या. सगळ्यांना जुना दारूगोळा हवा होता, मंत्री हवा होता, पॅकेज हवं होतं. गवंड्यानं हात वर केला, डफडं थांबलं, आणि सालदारानं बैलांची नावं घ्यायला सुरुवात केली. कोणत्या घरी कोणती जोडी होती, कोणत्या साली विकली, कोणत्या बाजारात, कशापायी. ढवळ्या, मोत्या, हिऱ्या, शेल्या. पोरीचं लग्न, बोअर कोरडं गेलं, दवाखाना, पुन्हा बोअर. यमक होतं, पण दाबून ठेवलेलं, सुरांत नेहमीची चढण नव्हती. एकाही पुढाऱ्याचा उल्लेख नाही. शेवटी महादेवाचं नाव घेण्याआधी तो थांबला, इतका की मागच्यांना वाटलं तो ओळ विसरला.

गजर अर्धाच उठला.

यावरून गावात जे रण माजलं ते मी कधी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, हॉटेलात भज्यांच्या कढईपेक्षा बाकड्यांवरची माणसं जास्त तापली होती. पोरांचं म्हणणं सरळ होतं: “बुढे थंडे झाले.” एका माळकऱ्यानं निवाडा दिला, “हे झडती नोय, हे सुतकातलं बोलनं व्हय. पोया सनाचा हाये का सुतकाचा?” त्यावर ट्रॅक्टरवाला म्हणाला, की गेल्या दहा वर्षांत त्याला एकही झडती घरी जाऊन आठवली नव्हती, ही आठवली, कारण त्यात त्याच्या बापाची जोडी होती. कुणी म्हणालं, मंत्र्याला सोडलं म्हणजे भ्याले. कुणी म्हणालं, मंत्र्याचं नाव घेणं आता कुणालाही जमतं, मोत्या कुठं गेला हे सांगायला छाती लागते.

मला स्वतःला काय वाटलं? ग्रेडरची सवय जात नाही. वरचा कापूस पाहून प्रत देऊ नये, तळातला काढावा. वरवर ती झडती फिकी होती, हे खरंच. आवाज बसला होता, दोन ठिकाणी मात्रा सांडल्या. पण तळातून काढून ओढून पाहिला तर धागा लांब होता. तरुणपणीच्या त्यांच्या झडत्या मला पाठ आहेत, माझ्यावरचीसुद्धा. त्यात चूक नेहमी दुसऱ्याची असे, सरकारची, अडत्याची, ग्रेडरची. या झडतीत ते स्वतः होते. दुकानदारानं स्वतःच्या उधारीपायी गेलेली एक जोडीही त्यात घातली होती. हे साहस वय झाल्याशिवाय येत नाही, आणि वय झालं म्हणून आपोआपही येत नाही. पुष्कळ जुने शाहीर म्हातारपणी नुसते सौम्य होतात आणि लोक त्यालाच खोली समजून हार घालतात.

सगळ्यांत कडक समीक्षा मात्र ओट्यावरून आली. पोळ्यात बाया तोरणापाशी जात नाहीत, ओवाळायला दारात उभ्या असतात, पण ऐकू सगळं येतं. माझ्या आईनं पुरणाच्या पोळीवर तूप टाकता टाकता म्हटलं, “बैलायची नावं घेतली. ज्या घरचा मानूस गेला त्या घरच्या बाईचं नाव कोनी घेतलं?” हे त्या तिघांपर्यंत पोचलं. आमच्याकडं पोचायला वेळ लागत नाही. पुढच्या पोळ्याला त्यांनी जी झडती आणली तिच्यात बैल एका ओळीपुरताच होता. बाकी निंदण, वेचणी, बचत गटाचा हप्ता आणि सातबाऱ्यावर नाव चढवायला तहसीलच्या पायऱ्या झिजवणारी बाई. त्या वेळी गजर ओट्यांवरूनही उठला. आमच्या पोळ्यात असं मी पहिल्यांदा ऐकलं.

हे सगळं लिहायचं कारण पुतण्याचा मोबाईल. तो एकदा म्हणाला, “काका, हे आयका. अमरावतीचं पोरगं हाये, आपल्यासारखंच बोलते.” १०० आरबीएच म्हणजे सौरभ अभ्यंकर. २०२३ च्या एमटीव्हीच्या ‘हसल’ स्पर्धेत त्यानं वऱ्हाडी बोलीत रॅप केला. त्याआधी २०१९ मध्ये ‘गली बॉय’ सिनेमातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात तो होता. त्याच गाण्यात मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटाचे एमसी मवाली आणि एमसी तोडफोड होते, आणि त्यामागं विवेक राजगोपालन हे मृदंगवादक होते. ते या पोरांना दक्षिणेतले तालाचे बोल तोंडानं म्हणायला शिकवत होते. ऐकताना मला खंजिरी आठवली, हे पुतण्याला सांगितलं तर त्याला आनंद झाला.

‘स्वदेसी’चं २०१९ चं ‘द वारली रिव्होल्ट’ मी पुन्हा पुन्हा ऐकलं. आरेच्या जंगलातल्या आदिवासींचं गाणं, सोबत तिथलेच प्रकाश भोईर. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांचा ‘चेतावनी’ हा संग्रह आला. पुढच्याच महिन्यात देश टाळेबंदीत गेला. मार्च २०२२ मध्ये तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. या गटाला पिकायला वेळच मिळाला नाही असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आरेच्या गाण्यात त्यांनी माईक ज्याचं जंगल आहे त्याच्याकडं दिला. आमच्या तिघांना हे कळायला तीस वर्षं लागली, आणि तेही माझ्या आईनं टोकल्यावर.

अमेरिकेतल्या ‘अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट’ची गोष्टही पुतण्यानंच सांगितली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला गट, १९९८ नंतर नवा संग्रह नाही. २०१६ च्या मार्चमध्ये त्यांच्यातला फाइफ डॉग मधुमेहानं गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. त्याआधी त्याचा आवाज भरून झाला होता. ११ नोव्हेंबर २०१६ ला, ट्रम्प निवडून आल्यानंतर तिसऱ्या दिवशी, ‘वी गॉट इट फ्रॉम हिअर... थँक यू फॉर युवर सर्व्हिस’ हा संग्रह आला आणि थेट अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. पण पुढच्या वर्षी ग्रॅमीची नामांकनं जाहीर झाली तेव्हा त्यात या संग्रहाचं नाव नव्हतं, आणि गटाचा म्होरक्या क्यू-टिप उघडपणे भडकला. मी तो संग्रह ऐकला. इंग्रजी निम्मी डोक्यावरून गेली, पण मेलेला माणूस जिवंतांच्या मधे बोलतो आणि बाकीचे त्याची ओळ उचलून पुढं नेतात, हे भाषेविना कळतं. आमच्या हॉटेलात तो लावला असता तर माळकरी काय म्हणाला असता, याचा मी पुष्कळ विचार केला. बहुतेक त्यानं विचारलं असतं, की मेलेल्याच्या ओळी चांगल्या आहेत की तो मेला म्हणून चांगल्या वाटतात. प्रश्न कडू आहे, पण ग्रॅमीच्या पंचांपेक्षा सरळ आहे.

आमच्या तिघांतला सालदार आता नाही, दुकानदाराला ऐकू येत नाही. गवंडी आहे. बैल मात्र झपाट्यानं कमी झाले. गावात आता तोरणाखाली ट्रॅक्टरही ओवाळतात, आणि डफडं थांबवायचं तर आधी डीजेवाल्याला खूण करावी लागते. हात वर करणारी पोरं अजून आहेत. दोघं-तिघं चांगली आहेत, एकाला तर मी शंभर हिश्शांनी गवंड्याच्या वरचा मानतो, फक्त तो अजून दुसऱ्यांच्याच चुका सांगतो.

एक विनंती करून थांबतो. वऱ्हाडातल्या तुमच्या गावात सत्तरीपुढचा एखादा झडतीवाला असेल, तर येत्या पोळ्याची वाट पाहू नका. आधीच जाऊन बसा. झडती त्याच्याच आवाजात मोबाईलवर भरून घ्या, साल विचारा, कुणावर होती ते विचारा आणि त्या वेळी गावानं काय म्हटलं तेही लिहून घ्या. हे शेवटचं विसरू नका. झडत्या एखाद्या वहीत मिळतात, गावाचा निकाल कुठंच मिळत नाही.